मुऱ्हा की मुर्रा, खिलार की खिल्लार: जनावरांच्या जातींची नावं लिहायची कशी, बोलायची कशी

कोल्हापुरात माझं काम म्हणजे फ्लेक्स, पावती बुकं, व्हिजिटिंग कार्डं, आणि वर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. त्यामुळं कुणी ना कुणी गोठेवाला, शेळीपालनवाला, कोंबडीवाला सारखा येतच असतो आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर जातीचं नाव वेगळंच. मुर्रा, मुरा, मुर्हा, मुर्राह, मोरा, सगळ्या एकाच म्हशी. आता वडगावच्या नाहीतर मुरगूडच्या बाजारात यानं काय बिघडत नाही, म्हस समोर उभी असते, शिंगं बघितली की कळतंय. डेअरीला तर जातीशी घेणंदेणंच नाही, तिथं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागलं की विषय संपला. पण बोर्डावर, जाहिरातीत, विम्याच्या कागदावर, बँकेच्या कोटेशनमध्ये जनावर समोर नसतं राव, नुसतं नाव असतं, आणि तिथं ते नाव बरोबर पाहिजे.

म्हणून जे रोज करतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. सगळ्यात जास्त गोंधळ एकाच कारणानं होतो, आपण नाव गुगलवर इंग्रजीत वाचतो आणि त्या स्पेलिंगवरून परत मराठी नाव तयार करतो. इंग्रजीत ण नाही, ळ नाही, त आणि ट वेगळे दाखवता येत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. मग देवणीची देओनी होते आणि कन्याळची कन्याल. तेव्हा इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नाव बनवायचं नाही, एवढं धरून चाला, बाकीचं सोपं जातं.

पहिलं ठरवा, नाव जाणार कुठं

नाव तीन ठिकाणी जातं आणि तिन्हीकडं नियम वेगळा.

एक, तोंडी. इथं समोरच्याला कळलं की झालं. 'जरशी' म्हणा, 'म्हस' म्हणा, होल्स्टीन फ्रीझियन म्हणजे एचएफ गायीला 'यचेप' म्हणा, कुणी हसत असेल तर हसू दे. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर उभं राहून कुणी 'होल्स्टीन फ्रीझियन' असा उच्चार करत बसलं तर उलट लोक त्याच्याकडंच बघतील.

दोन, मराठीत लिहिलेलं. बोर्ड, पोस्ट, पत्रिका, प्रदर्शनातली पाटी. इथं नाव मराठी पुस्तकात छापतात तसं पाहिजे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच रूप पाहिजे. वर 'खिलार' आणि खाली 'खिल्लार' असं नको.

तीन, फॉर्म. इथं तुमचं, माझं, मास्तरांचं कुणाचंच मत चालत नाही. भारतात जनावरांच्या जातींची अधिकृत नोंद हरियाणात करनालला असलेली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था ठेवते, १९८४ पासून आहे ती, आणि नोंद झालेल्या प्रत्येक जातीला एक नोंदणी क्रमांक असतो ज्यात देश, जनावर, राज्याचा कोड आणि जातीचं नाव असं सगळं येतं. तिथं जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच फॉर्मवर टाकायचं, पटो न पटो.

दुसरं, नाव आलंय कुठून ते शोधा

बहुतेक जातींची नावं गावावरून, तालुक्यावरून, नाहीतर नदीवरून पडलीत. ते गाव सापडलं की निम्मं काम झालं, कारण गावाचं नाव तिथले लोक जसं लिहितात तसंच जातीचं लिहायचं.

देवणी म्हणजे लातूर जिल्ह्यातला देवणी तालुका. आता तालुक्याच्या पाटीवर 'णी' आहे तर गायीला 'नी' कशाला? इंग्रजीत मात्र डी ई ओ एन आय असं लिहितात, व्ही नाही त्यात, आणि फॉर्मवर तेच चालतं. लाल कंधारी म्हणजे नांदेडातलं कंधार. इंग्रजीत 'रेड कंधारी' अशी नोंद आहे म्हणून मराठीत पण 'रेड कंधारी' लिहिणारे आहेत, अरे बाबा लाल म्हणायला काय होतंय. काहीजण 'कंदारी' लिहितात, तिथं ध पाहिजे.

वर्ध्याकडची गवळाऊ ही तर बिचारी सगळ्यात जास्त मार खाते. इंग्रजी स्पेलिंग जी ए ओ एल ए ओ. ते वाचून लोक 'गाओलाओ' लिहितात आणि मग ती गाय चायनीजच्या गाडीवरच्या पदार्थासारखी वाटायला लागते. गवळाऊ, ळ आणि शेवटी दीर्घ ऊ, बास.

डांगीला अडचण नाही. कोकण कपिला, कठाणी ह्या अलीकडं नोंद झालेल्या जाती, त्यात कठाणीचा ठ आणि ण दोन्ही सांभाळा. पंढरपुरी तर आपल्या घरचीच म्हस, पण तिची पण 'पंधरपुरी' झालेली बघितली आहे. इंग्रजीत डी एच बघून 'ध' टाकला असणार. विठोबाच्या पंढरपुरावरून नाव आहे तर तिथं ढ शिवाय दुसरं काय येणार? आणि 'पंढरपूरी' असा दीर्घ पू नको. नुसतं गावाचं नाव असेल तर पंढरपूर दीर्घ, पुढं ई लागली की पु ह्रस्व. नागपूर-नागपुरी, कोल्हापूर-कोल्हापुरी, सगळीकडं हेच. तेवढ्या एका नियमावर निम्मे बोर्ड सुधारतील.

खिल्लारचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं बैलगाडी शर्यतीमुळं हे नाव रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीच्या काचेवर चिकटवायचं असतं. खिलार आणि खिल्लार दोन्ही छापलेलं सापडतं. मी खिल्लार लिहितो, कारण करनालच्या नोंदीत पण के एच आय डबल एल ए आर आहे, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही कागद जुळतात. 'खिल्लारी' हे विशेषण, खिल्लारी बैल, खिल्लारी जोडी. जातीचं नाव विचारलं की खिल्लार. आत परत प्रकार आहेत, आटपाडी महाल, म्हसवड, रंगावरून काजळी, कोसा. हे सगळे फॉर्मवर वेगळे मिळत नाहीत, तिथं खिल्लारच निवडायचं. काजळीतला ज 'काजू'तला, 'जीव'मधला नाही, पण हे आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, पुण्यामुंबईच्या यूट्यूबवाल्यांना आहे.

कृष्णा व्हॅली ही गाय आपल्याच कृष्णाकाठची, सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं गीर, ओंगोल, कांक्रेज आणि इकडची स्थानिक जनावरं यांच्यातून तयार केली, काळ्या जमिनीत ओढकामाला. पण नाव इंग्रजीच पडलं आणि तेच नोंदीत बसलं. लेखात तुम्ही 'कृष्णा खोऱ्यातली गाय' म्हणा, फॉर्मवर भाषांतर करू नका, सापडणार नाही. अमेरिकेत जी ब्राह्मन नावाची मांसाची जात तयार झाली त्यात गीर, ओंगोल, कांक्रेजबरोबर हिचं पण रक्त गेलंय. ते नाव लिहिताना शेवटी न, आणि ब्रह्मा ही कोंबडी वेगळी, ते खाली येईल.

मुऱ्हा: एका अक्षराचं दुखणं

ह्यावर जरा थांबायला पाहिजे. हरियाणात रोहतक, हिसार, जिंद ह्या भागातली ही म्हस, हिंदीत मुर्रा लिहितात, त्यामुळं तिकडच्या व्यापाऱ्याच्या बिलावर मुर्रा असणार. मराठी पुस्तकांत, कृषी खात्याच्या पत्रकात मुऱ्हा. दोन्ही समजतात, पण मराठी बोर्डवर मुऱ्हाच बरं दिसतं.

आता टायपिंग. 'ऱ्ह' हे जोडाक्षर साध्या र ला हलंत लावून ह दाबलं तर येत नाही. तसं केलं की र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, 'मुर्हा'. नीट बघा, 'मुऱ्हा' मध्ये र आडवा आहे, 'मुर्हा' मध्ये डोक्यावर आहे. बोलून बघितलं तरी फरक कळतो, डोक्यावरच्या रफाराला मुर-हा असा झटका बसतो आणि आडव्यात र आणि ह एका दमात जातात. ह्यासाठी मराठी कीबोर्डवर टिंब असलेला वेगळा ऱ असतो. आधी तो ऱ, मग हलंत, मग ह. इनस्क्रिप्ट (कॉम्प्युटरवरचा मराठी कीबोर्ड) वापरत असाल तर र ज्या बटणावर आहे तेच शिफ्ट धरून दाबायचं. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांनी वर येणाऱ्या सूचनांमधून आडवा र असलेला शब्द निवडायचा, पहिला दिसला तो ठोकून द्यायचा नाही. आणि हे अक्षर नवीन काय नाही हो, आपल्या जिल्ह्यात ज्याला गुऱ्हाळ लिहिता येतं त्याला मुऱ्हा लिहिता आलंच पाहिजे. जुन्या डीटीपी फॉन्टमधून मजकूर युनिकोडमध्ये आणताना हेच अक्षर आधी तुटतं, तेव्हा प्रूफ बघताना इथं बोट ठेवून बघा.

इंग्रजी स्पेलिंग एम यू डबल आर ए एच. शेवटचा एच विसरू नका.

आणि एक मोठा खड्डा आहे इथं. आपल्याकडं बरेचजण मुऱ्हाला नुसतं 'हरियाणाची म्हस' नाहीतर 'हरियाणा' म्हणतात. बोलायला ठीक. पण हरियाणा नावाची गायीची वेगळी जात आहे, नोंदीत तिचं स्पेलिंग पण राज्यापेक्षा वेगळं, एच ए आर आय ए एन ए, त्यात वाय नाही. म्हशीच्या यादीत हरियाणा शोधत बसलात तर मिळणार नाही, आणि चुकून जनावराच्या रकान्यात गाय निवडलेली असली तर मिळेल, ते तर अजून वाईट, कारण मग कागदावर तुमच्या गोठ्यात म्हशीऐवजी गाय बांधलेली असेल.

शेजारपाजारची नावं

गुजरातच्या तीन म्हशी आपल्याकडं ऐकायला येतात. मेहसाणा, ह्यात ण. 'म्हैसाणा' असं लिहितात काहीजण, म्हैस आली म्हणून तसं सुचत असेल, पण गाव मेहसाणा आहे. जाफराबादी, इंग्रजीत डबल एफ. ही सौराष्ट्रातल्या जाफराबादची. आपल्या जालना जिल्ह्यात पण जाफराबाद तालुका आहे आणि त्यामुळं ही मराठवाड्यातली म्हस असं छातीठोक सांगणारे भेटतात, तसं नाही. उच्चारात ज 'जागा'तला नाही, 'जीव'मधला. सुरती सोपी आहे, फक्त सुरती नावाची शेळी पण आहे, म्हणून नुसतं 'सुरती' न लिहिता 'सुरती म्हैस' लिहा. संगमनेरीचं तेच, नोंदलेली शेळी आहेच आणि दख्खनी मेंढ्यांतल्या एका प्रकाराला पण संगमनेरी म्हणतात. मारवाडी तर घोडा पण आहे, मेंढी पण, शेळी पण.

गीर दीर्घ. मराठीत शब्दाच्या शेवटी अ असला की त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून गीर, आणि त्याच हिशोबानं असील. बीटलला हा नियम लागत नाही, पण बी दीर्घच. बीटल ही पंजाबातल्या बटाल्याकडची शेळी, इंग्रजीत बी डबल ई टी ए एल, आणि असील ही झुंजीची कोंबडी, ए एस डबल ई एल. गीर ब्राझीलमध्ये गेली तिथं पोर्तुगीज पद्धतीनं तिचा उच्चार 'झिर'च्या जवळ जातो. व्हिडिओत ब्राझीलचा शेतकरी काहीतरी 'झिर झिर' म्हणतोय असं वाटलं तर तो आपल्या गीरबद्दलच बोलतोय. ओंगोलला तिकडं नेलोरे म्हणतात, आंध्रातल्या नेल्लोरवरून, आणि कांक्रेजला गुझेरा, गुजरातवरून. बाहेरच्या व्हिडिओतली माहिती मराठीत देताना ही नावं आपल्या नावांना जोडून द्या, नाहीतर लोकांना वाटतं कुठलीतरी नवीन परदेशी जात आली.

साहिवाल, ह्यात सा काना आणि हि ह्रस्व. शाहिवाल, सहिवाल नाही. गाव पाकिस्तानातल्या पंजाबात, इंग्रजांच्या काळात गावाला माँटगोमेरी म्हणायचे आणि गायीला पण. थारपारकर बघून आपल्याला वाटतं कोकणातलं कुणीतरी आडनाव आहे, पण तो सिंधमधला जिल्हा, थार आणि पारकर. मध्ये जागा सोडायची नाही, एक शब्द. हल्लीकर पण तसंच फसवं, कर्नाटकातली जात आहे. वेचूर केरळातली, पुंगनूर आंध्रातली, दोन्हीत शेवटचा ऊकार दीर्घ.

सिरोही शेळीला आपल्याकडं सर्रास 'शिरोही' म्हणतात. मराठी जिभेला इकाराआधी श सोपा जातो, त्यात काय गुन्हा नाही. पण राजस्थानातल्या जिल्ह्याचं नाव सिरोही आहे तर लिहिताना स. जमुनापारी शेळी म्हणजे यमुनेपल्याडची, उत्तर प्रदेशात इटावाकडची. 'जमनापारी' पण चालतं बोलण्यात, यादीत जमुनापारी शोधा. बारबरी हे नाव सोमालियातल्या बर्बेरा बंदरावरून आलेलं सांगतात, आपण आपलं बारबरी लिहायचं, 'बरबरी' नको.

उस्मानाबादी आणि जिल्ह्याचं नवीन नाव

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं आणि तेव्हापासून बोर्डवाल्यांची पंचाईत. काही शेळीपालनवाले 'धाराशिवी शेळी' छापून घेतात, त्यांची मर्जी. पण जातीची नोंद उस्मानाबादी नावानंच आहे, इंग्रजीत ओ नं सुरू होतं, यू नं नाही. यादीत यू खाली शोधून 'नाय मिळत' म्हणून परत येणारे खूप. बोर्डावर दोन्ही पाहिजे असेल तर 'उस्मानाबादी शेळी, मूळ पैदास धाराशिव' असं लिहून टाका, भांडण नाही.

कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गाकडची शेळी, ळ. बेरारी विदर्भातली, म्हणजे वऱ्हाडातली, पण नोंद 'बेरारी' आहे म्हणून 'वऱ्हाडी' लिहायला जाऊ नका.

बोअर शेळी दक्षिण आफ्रिकेतली. तिथल्या भाषेत उच्चार 'बूर'च्या जवळचा, इंग्रजीतून आपल्याकडं बोअर आला. 'बोर शेळी' असं लिहिलं की वाचणारा बोरवेलपर्यंत पोचतो, म्हणून अ सोडू नका. सानेन ही स्वित्झर्लंडमधल्या सानेन खोऱ्यातली, जर्मन बोलणारे तिला 'झानन' म्हणतील, मराठीत सानेन रुळलंय.

'बकरी' म्हटलं की आधी विचारा, कुठली?

हा मुद्दा जातीच्या आधीचा, पण फॉर्म इथंच जास्त चुकतात. हिंदीत बकरी म्हणजे शेळी. आपल्याकडं धनगर माणूस बकरी म्हणतो तेव्हा तो मेंढ्यांबद्दल बोलत असतो. आदमापूरच्या बाळूमामांची बकरी म्हणजे मेंढरं, हे कोल्हापूर जिल्ह्यात लहान पोराला पण माहिती आहे. पण फॉर्म भरणारा पोरगा शहरातला असला आणि मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघून वाढलेला असला की 'बकरी ४०' वाचून सरळ शेळीच्या रकान्यात ४० टाकतो. म्हणून चिठ्ठीवर शेळी नाहीतर मेंढी एवढंच लिहून द्या.

मेंढ्यांत आपली मुख्य जात दख्खनी. इंग्रजीत 'डेक्कनी' असं वाचलं जातं आणि स्पेलिंग डी ई डबल सी ए एन आय, त्यामुळं काही मराठी लेखांत पण डेक्कनी येतं. मराठीत दख्खनी लिहा, फॉर्मवर इंग्रजी स्पेलिंग. तिच्यात लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार सांगतात, आता मेंढीच्या बाबतीत कोल्हापुरी म्हणजे चप्पल नव्हे, एवढं बाहेरच्यांना सांगावं लागतं. माडग्याळ ही जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून, ळ पाहिजे, 'मडग्याल' नको.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी देणारी मेंढी तयार केली ती नारी सुवर्णा. ह्यातलं 'नारी' म्हणजे बाई नव्हे, संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती. त्यामुळं मेंढा असला तरी तो नारी सुवर्णा मेंढाच, नाव बदलायचं नाही. जुळ्यांचा गुण ज्या मेंढीकडून आला ती पश्चिम बंगालच्या सुंदरबनातली गारोल. डॉर्पर म्हणजे डॉर्सेट आणि पर्शियन ह्या दोन जातींच्या नावांचे तुकडे जोडलेले, त्यामुळं डॉर नंतर पर, 'डोपर' नाही.

साहेबांच्या गायी

होल्स्टीन फ्रीझियन. ह्यावर लोक उगाच घाबरतात. होल्स्टीनला जर्मन माणूस 'होल्श्टाइन' म्हणेल, इंग्रज 'होल्स्टाइन' नाहीतर 'होल्स्टीन', आणि दुसऱ्या शब्दाला इंग्रज लोकच 'फ्रीझियन' पण म्हणतात आणि 'फ्रीजन' पण. म्हणजे आपला गोठ्यातला 'फ्रिजन' काय फार लांब नाही. लिहिताना होल्स्टीन फ्रीझियन नाहीतर फ्रिजियन, एक धरा आणि तेच ठेवा. बोर्डावर एचएफ लिहिलेलं सगळ्यात चांगलं, मध्ये टिंबं नकोत. 'होस्टेल फ्रीज' असं पण येऊन गेलंय माझ्याकडं, ते मात्र नको.

जर्सी. इंग्रजीत स चा उच्चार 'झ'कडं झुकतो, जर्झी असा, पण मराठीत जर्सी पक्कं झालंय आणि बोलण्यात जरशी. दोन जर्श्या घेतल्या असं म्हणतातच लोक, लिहिताना 'दोन जर्सी गाई'. जर्सी हे मुळात बेटाचं नाव, त्याच समुद्रातल्या दुसऱ्या बेटाची गाय ग्वेर्नसी दिसते स्पेलिंगमध्ये, उच्चार गर्न्झी. आयरशायर दिसतं, उच्चार एअरशर. फ्रान्सच्या शारोलेला 'चारोलाइस' वाचतात. ह्या तिन्ही आपल्याकडं गोठ्यात दिसणार नाहीत, व्हिडिओ करणाऱ्यांसाठी सांगितलं. ब्राउन स्विस जसं आहे तसं.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही गीर, एचएफ आणि जर्सी अशा तिघींच्या संकरातून आली. त्रिवेणीत ण, आणि 'फुले' काढून नुसतं त्रिवेणी लिहू नका.

कोंबड्या, पटकन

कडकनाथ, न. मध्य प्रदेशात झाबुआची, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. जुन्या कागदांत इंग्रजीत डी च्या जागी आर दिसतो, तरी मराठीत ड च. गिरिराज मध्ये रि ह्रस्व. वनराज, ग्रामप्रिया सरळ आहेत, मूळ नावं वनराजा, गिरिराजा अशी आहेत म्हणून इंग्रजी कागदावर शेवटी ए येतो.

ऱ्होड आयलंड रेड, इथं परत तोच गुऱ्हाळातला ऱ्ह. आयलंडमध्ये एस लिहितात, बोलत नाहीत. लेगहॉर्न इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून, इंग्रज 'लेगॉर्न' म्हणतात, आपण लेगहॉर्न लिहितो, चालतंय. प्लायमाउथ रॉक दिसतं, उच्चार प्लिमथ रॉक. ऑस्ट्रालॉर्प म्हणजे ऑस्ट्रेलियातली ऑर्पिंग्टन, शेवटी र्प. ब्रह्मा कोंबडीत ह आणि म ची जोडी सांभाळा, 'ब्रम्हा' नाही. कोचीन कोंबडी केरळची नाही, मूळ चीनकडची. बदकात खाकी कॅम्पबेल लिहितात आणि इंग्रज 'कॅम्बल' म्हणतात, पी गिळून.

वाक्यात घालताना

जातीचं नाव हे विशेषनाम, त्याला शक्यतो वाकवायचं नाही. 'मुऱ्हाची पारडी', 'मुऱ्ह्याची' नको. 'गीरचा वळू', 'देवणीचा खोंड', 'पंढरपुरी म्हशी'. अनेकवचन जनावराचं करा, जातीचं नको. शेवटी इ-उ आली की दीर्घ, जर्सी, सिरोही, डांगी, राठी, बन्नी, इथं विचारच करायचा नाही.

आता एक बोर्ड बघा, असाच मजकूर येतो:

'आमचेकडे शुध्द मुर्हा म्हैशी व एच.एफ जरसी गाई तसेच बोर शिरोही बकरी मिळेल'

ह्याचं मी असं करतो:

'आमच्याकडे शुद्ध मुऱ्हा म्हशी, एचएफ व जर्सी गाई, तसेच बोअर आणि सिरोही शेळ्या मिळतील'

काय बदललं ते बघा. शुद्ध मध्ये द ला ध. म्हैस एकवचनात, अनेकवचन म्हशी. एचएफ आणि जर्सी मध्ये 'व' नसला की वाचणाऱ्याला दोन्हीचा क्रॉस वाटतो, आणि क्रॉस असेल तर तसं स्पष्ट लिहा, 'एचएफ-जर्सी संकरित'. बोअर-सिरोहीचं पण तेच. गिऱ्हाईक फोनवर 'क्रॉस हाय का प्युअर' हे विचारतंच, बोर्डनंच सांगितलं तर तेवढे फोन कमी.

फॉर्म भरताना क्रम

आधी कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर कागदावर उतरवून घ्या, फोटो काढला तर अजून बरं. भारत पशुधन ह्या सरकारी ऑनलाइन नोंदीत त्या नंबरला कुठली जात लागली आहे ते डॉक्टरांकडून बघून घ्या, आणि विमा, कर्ज, दाखला सगळीकडं तीच जात, तेच स्पेलिंग. विम्याच्या कागदावर 'मुऱ्हा' आणि नोंदीत 'मुऱ्हा संकरित' असं असलं तर दावा करायच्या वेळी प्रश्न विचारायला त्यांना आयतं कारण मिळतं. नोंदीत चूक दिसली तर ती आधी दुरुस्त करून घ्या, मग पुढचे कागद.

यादीत निवडताना आधी जनावर बरोबर निवडलंय का बघा, गाय, म्हैस, शेळी, मेंढी. मग नाव पूर्ण टाइप न करता पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि समोर येईल त्यातून निवडा. जाफराबादी डबल एफ की सिंगल ह्याच्या भानगडीत तुम्हाला पडावंच लागत नाही.

गावरान, गावठी, देशी ही जातीची नावं नाहीत. कुठल्याच नोंदलेल्या जातीत न बसणारं जनावर असेल तर यादीत 'नॉन-डिस्क्रिप्ट' असा पर्याय असतो, तो घ्या. कमीपणा वाटून उगाच 'गीर' ठोकू नका, २१व्या पशुगणनेत पण जातवार मोजणी केली आहे आणि डॉक्टर जनावर बघूनच सही करतात. संकरित असेल तर क्रॉस निवडून पुढं कुठल्या जातीचा ते विचारतात. ते आठवत नसेल तर गाय भरवली तेव्हाच्या स्ट्रॉवर, म्हणजे वीर्याच्या नळीवर, जात आणि वळूचा नंबर छापलेला असतो, पुढच्या वेळी डॉक्टरांनी डोस दिला की ती रिकामी नळी टाकून द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वासरू झाल्यावर नोंद करताना तोच फोटो दाखवायचा.